मूळ फीत जपा, मगच कात्री चालवा

आपल्या बेटावरील अनेक मराठी घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर व्हिडिओ कॅसेटची एक रांग आजही दिसते. त्यांत लग्ने आहेत, बारशी आहेत, आणि त्यांच्या जोडीला दूरदर्शन संचावरून उतरवून घेतलेले कार्यक्रमही आहेत. गणेश चतुर्थीच्या निमित्ताने एम. बी. सी.ने दाखविलेला खास कार्यक्रम, एखादे मराठी नाटक, एखाद्या भजनी मंडळाची भजने, एखाद्या गावची झाकरी. त्या फितींत गाणाऱ्या-नाचणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींपैकी पुष्कळ जण आज आपल्यात नाहीत. त्यांचा आवाज आणि त्यांचे पदन्यास मात्र त्या काळ्या डब्यांत अजून शिल्लक आहेत.

आनंदाची गोष्ट ही की, आपल्या तरुणांनी या कॅसेट घरच्या संगणकावर उतरवून घ्यायला सुरुवात केली आहे. परंतु या चांगल्या कामाला एक वाईट खोड लागत आहे. कार्यक्रम संगणकात आला की प्रथम त्याची कापाकापी होते. निवेदिकेचे बोलणे काढले जाते, जाहिराती काढल्या जातात, पाहुण्यांचे भाषण काढले जाते. उरलेला भाग मोबाइलवरून पाठविता यावा म्हणून दाबून दाबून लहान केला जातो. मग जागा अडते म्हणून मूळ फाईल पुसली जाते आणि कॅसेट कचऱ्याच्या गाडीत जाते. यांतील कापणे आणि दाबणे ही दोन कामे वाईट नाहीत, ती करावीच लागतात. मूळ टाकून देणे हे तिसरे काम मात्र घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे मत नीट समजण्यासाठी अमेरिकेतील सांता क्लारा या शहराकडे पाहणे उपयोगी ठरेल. कॅलिफोर्निया राज्यात सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या दक्षिणेला हे शहर वसले आहे. संगणकाचे हृदय म्हणावे अशी चिप बनविणारी इंटेल कंपनी १९६८ साली शेजारच्या माउंटन व्ह्यू येथे निघाली आणि पुढे तिने आपले मुख्य ठाणे सांता क्लारा येथे हलविले. चित्रांच्या चिपसाठी आज जगभर नाव झालेली एनव्हिडिया कंपनीही याच शहरात आहे. आपण घरी बसून कार्यक्रम कापतो आणि दाबतो, ते काम बहुतेक वेळा या दोन कंपन्यांपैकी एकीच्या चिपवर होत असते.

तेथे गेलेल्या मराठी कुटुंबांना या विषयाची गरज आपल्या आधीच भासली होती. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे घरोघरी व्हिडिओ यंत्रे आल्यावर नातेवाईक मराठी कार्यक्रम उतरवून परदेशी पाठवू लागले. पण भारतातील कॅसेट अमेरिकेतील साध्या यंत्रात घातली की चित्र धड दिसत नसे. भारतात पाल नावाची पद्धत होती, अमेरिकेत एन. टी. एस. सी. पालमध्ये एका चित्रात ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रे. अमेरिकेत ५२५ रेषा आणि सेकंदाला सुमारे ३० चित्रे. आपल्या मॉरिशसची तऱ्हा आणखी तिसरी. आपल्याकडे फ्रेंचांची सेकॅम पद्धत होती. म्हणजे पुण्याची मावशी, सांता क्लाराचा भाचा आणि वाक्वाची आजी या तिघांच्या कॅसेट एकमेकांच्या साध्या यंत्रावर नीट चालत नसत. या भांडणातून सुटका केली ती संगणकाने. एकदा कार्यक्रम फाईल म्हणून उतरला की तो जगातील कोणत्याही संगणकावर दिसतो. म्हणूनच सेकंदाला २५ चित्रांचा आपला कार्यक्रम अमेरिकेतील मुलाला पाठविण्यापूर्वी ३० चित्रांचा करण्याची आज मुळीच गरज नाही. तसे केल्याने हालचाल अडखळते आणि लाभ काहीच होत नाही.

आता कार्यक्रम दाबला जातो म्हणजे नेमके काय होते ते पाहू. घरच्या कॅसेटवरील चित्र संगणकात पूर्णपणे, काहीही न गाळता घेतले तर दर सेकंदाला सुमारे २१ मेगाबाइट जागा लागते. एका तासाचा कार्यक्रम सुमारे ७५ गिगाबाइट होतो. हाच तास मोबाइलवर पाठविण्यासाठी २०० मेगाबाइटांत बसविला, तर मूळच्या पावणेचारशे भागांपैकी एकच भाग उरला. बाकीचे कोठे गेले?

काही भाग शहाणपणाने वाचविलेला असतो. देवळाच्या सभागृहात झाकरी चालली आहे असे समजा. मागची भिंत, तोरण, समई तीच असते. हलतात फक्त नाचणारे. तेव्हा संगणक एक चित्र पूर्ण लिहितो आणि पुढच्या चित्रांत फक्त काय बदलले तेवढेच टिपतो. पुढे अर्ध्या सेकंदाने वा काही सेकंदांनी पुन्हा एक पूर्ण चित्र. तसेच मनुष्याच्या डोळ्याला उजेड-अंधाराचा फरक बारीक कळतो, रंगाचा तितका कळत नाही. म्हणून रंगाची नोंद कमी ठेवली तरी चालते.

यापुढची पायरी गणिताची आहे आणि तिची कथा आपल्या वाचकांना अभिमान वाटावा अशी आहे. चित्राचे छोटे छोटे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातील ठळक भाग आणि बारीक तपशील वेगळे करण्याची युक्ती नासिर अहमद यांनी शोधली. त्यांचा जन्म १९४० साली बंगलोरचा. अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या विद्यापीठात शिकवीत असताना १९७२ साली त्यांनी या संशोधनासाठी सरकारी अनुदान मागितले, आणि ते नाकारले गेले. तरीही त्यांनी १९७३ च्या उन्हाळ्याच्या सुटीत पगाराविना काम केले आणि जानेवारी १९७४ मध्ये टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह आपला निबंध प्रसिद्ध केला. छायाचित्रांची जेपेग पद्धत, डी. व्ही. डी.ची एम्पेग-२ आणि पुढे २००३ साली आलेली एच. २६४ पद्धत, या सर्वांच्या मुळाशी याच जातीचे गणित आहे. तीन भारतीय नावांनी जगाच्या दूरचित्रवाणीचा पाया घातला, हे आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे.

सांता क्लाराच्या चिपनी या गणिताला वेग दिला. १९९७ च्या जानेवारीत इंटेलने आपल्या पेंटियम चिपमध्ये चित्र आणि आवाजाच्या कामासाठी ५७ नव्या आज्ञा घातल्या. २०११ च्या जानेवारीत व्हिडिओ दाबण्यासाठी खास भाग असलेली चिप आणली. २०१२ साली एनव्हिडियानेही तसेच केले. पूर्वी तासाभराच्या कार्यक्रमासाठी संगणक रात्रभर चालू ठेवावा लागे. आज तेच काम चहा होईपर्यंत उरकते. काम कष्टाचे होते तोपर्यंत मनुष्य दोनदा विचार करीत असे. आता बोट टेकवले की झाले. म्हणूनच आज सावधगिरी अधिक हवी.

कारण या गणितात बारीक तपशील वेगळा झाल्यावर तो गाळून टाकला जातो, आणि गाळलेला तपशील परत येत नाही. फाईल जितकी लहान, तितके गाळणे अधिक. सांता क्लाराचे खोरे चिप येण्यापूर्वी प्लम आणि जर्दाळूंच्या बागांसाठी प्रसिद्ध होते. तेथील प्लम उन्हात वाळवून जगभर पाठविले जात. वाळलेले फळ हलके होते, टिकते, दूर जाते. पण पाण्यात भिजवून त्याचे पुन्हा ताजे फळ होत नाही. आपण तर उसाच्या देशात राहतो. साखरेपासून पुन्हा ऊस करता येत नाही, हे आपल्याला अमेरिकेने शिकवायला नको. दाबलेली फाईल ही साखर आहे. ती वाटावी, पाठवावी, गोड मानावी. पण बेण्याचा ऊस विकून साखर घेणारा शेतकरी पुढच्या हंगामाला काय लावणार?

आपल्या कार्यक्रमांचे नुकसान तर विशेष होते. जुन्या कॅसेटच्या चित्रात दाणेदार खळबळ असते. संगणकाला ती खळबळ हालचालच वाटते आणि तो आपली मोजकी जागा तिच्यावर खर्च करतो. झाकरीची लय चढू लागली, पाय भराभर पडू लागले, विसर्जनाच्या वेळी गुलाल उधळला, की पडद्यावर चौकोन उमटतात. ज्या क्षणासाठी कार्यक्रम जपला तोच क्षण पुसट होतो. शिवाय जुन्या पद्धतीत प्रत्येक चित्र सम आणि विषम रेषांच्या दोन अर्ध्या चित्रांचे बनलेले असते, म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रे. घाईने केलेल्या कामात ही अर्धी चित्रे एकमेकांत मिसळून टाकली जातात आणि नाचणाऱ्याचा एक हात दोन दिसू लागतो. कोकणातली जाखडी आपल्याकडे झाकरी होऊन कशी पिढ्यान्‌पिढ्या टिकली, हे शिकू पाहणाऱ्या मुलाला पाय कोठे पडला हे दिसायला हवे. ते दिसत नसेल तर त्या फितीचा उपयोग काय?

हे झाले दाबण्याचे. कापण्याचे नुकसान याहून गुपचूप होते, कारण कापलेल्या ठिकाणी काही होते हेही कुणाला कळत नाही.

अमेरिकेत त्यांच्या फुटबॉलचा सर्वांत मोठा सामना सुपर बोल या नावाने ओळखला जातो. त्याचा पन्नासावा सामना ७ फेब्रुवारी २०१६ रोजी सांता क्लारा येथेच झाला. पहिला सामना १५ जानेवारी १९६७ रोजी लॉस एंजेलिसला झाला होता आणि तो दोन मोठ्या दूरचित्रवाणी कंपन्यांनी दाखविला होता. पण त्या प्रक्षेपणाची पूर्ण फीत दोघींपैकी एकीनेही जपली नाही. त्या काळी फिती महाग असत, म्हणून त्या पुसून पुन्हा वापरल्या जात. अनेक वर्षांनी पेनसिल्व्हेनियातील एका खासगी माणसाने केलेली फीत सापडली. तीतही मध्यंतराचा कार्यक्रम आणि खेळाचा काही भाग नाही. जगातील श्रीमंत देशाच्या एवढ्या मोठ्या कार्यक्रमाची ही गत, मग आपल्या छोट्या बेटावरील मराठी कार्यक्रमाची पर्वा दुसरे कोण करणार? कोणत्या कचेरीत काय शिल्लक आहे याची वाट पाहत बसू नये. तुमच्या फळीवरची कॅसेट ही कदाचित जगातील एकमेव प्रत असेल, असे समजूनच तिच्याशी वागावे.

याच्या उलट उदाहरणही अमेरिकेतलेच आहे. फिलाडेल्फिया शहरातील मॅरिअन स्टोक्स या बाईंनी तीस वर्षांहून अधिक काळ घरच्या यंत्रांवर दूरचित्रवाणीच्या बातम्या उतरवून ठेवल्या. डिसेंबर २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा मागे सुमारे ७०,००० कॅसेट होत्या. जिवंतपणी लोकांना तो छंद विचित्र वाटे. आज तो संग्रह सॅन फ्रान्सिस्कोच्या इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेकडे आहे. बातम्यांइतक्याच मोलाच्या ठरल्या त्या मधल्या जाहिराती, निवेदने आणि चर्चा. कारण त्या काळी लोक काय विकत घेत, कसे बोलत, कशाला भीत, हे त्यांतूनच कळते.

इतक्या दूर तरी कशाला जायचे? मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आपल्या पूर्वजांच्या आगमनाच्या वह्या जपलेल्या आहेत. जहाजाचे नाव, अनुक्रमांक, वय, बापाचे नाव, जिल्हा, गाव. लिहिणाऱ्या कारकुनाला तो रुक्ष तपशील कंटाळवाणा वाटला असेल. त्याने तो कंटाळवाणा म्हणून गाळला असता, तर आज रत्नागिरीतील आपले मूळ गाव शोधणाऱ्या माणसाला काय हाती लागले असते? आपण निवेदिकेचे बोलणे कापतो तेव्हा कार्यक्रमाची तारीख, गावाचे नाव, कलाकारांची नावे कापत असतो. शेवटी झरझर वर सरकणारी नावांची यादी कापतो तेव्हा एखाद्या तबलजीचे या जगातील एकमेव लिखित नाव पुसत असतो. पाहुण्यांच्या भाषणात आपल्या आजोबांच्या पिढीची मराठी कशी होती, तीत क्रेओल आणि भोजपुरी कशी मिसळत होती, हे ऐकायला मिळते. हे सारे आज नीरस आहे. पन्नास वर्षांनी हेच सर्वांत मोलाचे ठरेल.

काही वाचक म्हणतील, हे सर्व खरे, पण तीन तासांचा कार्यक्रम आजची मुले पाहतील काय? आणि एवढी जागा कोणाकडे आहे? पहिला आक्षेप योग्य आहे. मुले तीन तास बसणार नाहीत. त्यांच्यासाठी वीस मिनिटांची निवड जरूर करावी, सुंदर करावी. पण ती प्रतीतून करावी. मूळ तसेच राहू द्यावे, म्हणजे उद्या दुसरा कोणी त्यातून दुसरी वीस मिनिटे निवडू शकेल.

जागेचा आक्षेप मात्र आता टिकत नाही. तासाला ७५ गिगाबाइट ठेवणे घरी अवघड आहे हे मान्य. परंतु डी. व्ही. नावाच्या जुन्या व भरवशाच्या पद्धतीत तासाला सुमारे १३ गिगाबाइट लागतात आणि घरच्या कॅसेटच्या मानाने चित्र उत्तम राहते. म्हणजे शंभर तासांचे कार्यक्रम १,३०० गिगाबाइटांत बसतात. दोन टेराबाइटच्या, तळहातावर मावणाऱ्या एका डिस्कमध्ये ते ठेवूनही जागा उरते. शंभर तास म्हणजे एका सबंध वाडीच्या कॅसेट झाल्या!

आता काम कसे करावे, ते थोडक्यात. चांगल्या स्थितीतील व्हिडिओ यंत्र मिळवावे आणि ते लवकर मिळवावे. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये अशी यंत्रे बनविणे थांबविले; ती बनविणारी ती अखेरची मोठी कंपनी मानली जात होती. फितीचे आयुष्यही मर्यादित असते आणि आपल्या दमट हवेत तिला बुरशी लवकर धरते. बुरशी दिसली तर ती कॅसेट यंत्रात घालू नये, आधी जाणकाराला दाखवावी. फीत संपूर्ण, आरंभापासून अखेरपर्यंत उतरवावी. त्या फाईलला तारीख, गाव आणि प्रसंग यांचे नाव द्यावे. तिला पुन्हा हात लावू नये.

नंतर तिची प्रत काढून त्या प्रतीवर कात्री चालवावी. ॲव्हिडेमक्स, हॅंडब्रेक अशी मोफत साधने उपलब्ध आहेत. पहिल्याने कापता येते, दुसऱ्याने फाईल लहान करता येते. आधीच दाबलेली फाईल कापायची असेल, तर जेथे पूर्ण चित्र असते त्या ठिकाणी कापावे. तेथे कापले तर सर्व पुन्हा दाबावे लागत नाही. दाबलेले पुन्हा दाबणे म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स काढणे होय. दर खेपेला अक्षर पुसट होते. पाठविण्यासाठी प्रत काढायची तर ती नेहमी मूळ फाईलवरूनच काढावी, मोबाइलवर आलेल्या तुकड्यावरून नव्हे.

मूळ फाईलच्या दोन डिस्क कराव्यात आणि दुसरी डिस्क दुसऱ्या गावातील नातेवाइकाकडे ठेवावी. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळाच्या वेळी पोर्ट लुईच्या रस्त्यांतून मोटारी वाहून गेल्या, हे आपण विसरलेलो नाही. आणि जमेल तोवर कॅसेटही ठेवावी.

एक नवा मोह अलीकडे पुढे आला आहे, त्याविषयी दोन शब्द. एनव्हिडियाने २०२३ साली अंधूक व्हिडिओ स्वच्छ करून दाखविणारी युक्ती आणली, आणि त्या जातीची साधने आता पुष्कळ झाली आहेत. चित्र पाहता पाहता चकचकीत होते. पण फितीत नसलेला तपशील यंत्र कोठून आणते? हजारो दुसरी चित्रे पाहून ते अंदाजाने भरते. आजीच्या चेहऱ्यावरची स्पष्ट झालेली सुरकुती कदाचित आजीची नसतेच. घरात कौतुकाने पाहायला हरकत नाही. पण अशी सजविलेली प्रत मूळ म्हणून ठेवू नये.

कायद्याचेही भान असावे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ जानेवारी १९८४ रोजी, पाच विरुद्ध चार मतांनी, घरी नंतर पाहण्यासाठी कार्यक्रम उतरवून घेणे हा गुन्हा नव्हे असा निर्णय दिला, आणि जगभर घरच्या व्हिडिओ यंत्राला धीर आला. पण तो निर्णय त्यांच्या देशाचा आहे, आणि घरापुरता आहे. दुसऱ्याचा कार्यक्रम सर्व जगाला खुला करण्यापूर्वी त्याच्या धन्याची आणि कलाकारांच्या कुटुंबीयांची परवानगी विचारणे, हे कायद्याला आणि आपल्या संस्कारालाही धरून होईल.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक गावच्या मंडळीने आपल्या दोन-तीन तरुणांना हे काम सोपवावे. एक व्हिडिओ यंत्र, एक संगणक आणि दोन डिस्क, एवढेच साहित्य लागते. घरोघरीच्या कॅसेट नावानिशी नोंदवून घ्याव्यात, उतरवाव्यात आणि ज्याच्या त्याला परत द्याव्यात. उतरवताना शेजारी एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला बसवावे आणि पडद्यावर कोण कोण आहे ते लिहून घ्यावे. संगणक चेहरा जपू शकेल, पण तो भिवा काकांचा की त्यांच्या भावाचा, हे सांगणारी माणसे आता मोजकीच उरली आहेत.

१८९६ साली कास्कावेल येथे आपल्या बेटावरील पहिला सार्वजनिक गणेशोत्सव झाला, असे आपण सांगतो. त्याचे एकही चलचित्र आपल्याजवळ नाही, आणि त्याबद्दल कोणाला दोष देता येणार नाही. आपल्या काळाचे चलचित्र मात्र आपल्या घरात आहे. येत्या गणेश चतुर्थीपूर्वी निदान एक कॅसेट संपूर्ण उतरवून, तिच्यातील माणसांची नावे लिहून ठेवावीत, ही सर्व मराठी बंधुभगिनींना विनंती.